धड जयाचं, डोकी गावाची

सेलूच्या बाजारात कोणालाही विचारा, "इथं चांगला फोटो कोण काढतो?" तर लोक खिशातून स्वतःचा मोबाइल काढून दाखवतील. "गेलेल्या माणसाचा चांगला फोटो कोण बनवतो?" असं विचारलं, तर मात्र बोट माझ्या दुकानाकडे. शालू फोटो स्टुडिओ, भाजीबाजाराच्या तोंडाशी, प्रोप्रायटर कैलासभाऊ. तीस वर्षांच्या धंद्यात मी कमावलेली कीर्ती ही एवढी. जिवंतपणी लोक माझ्याकडे पासपोर्ट साइजला येतात आणि मेल्यावर बारा बाय अठराला.

पण त्या कामात मी पक्का, बाप्पा. आता स्वतःची लाज काढायलाच बसलो आहे, तर सुरुवातीला तेवढी शेखी मिरवू द्या. माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगा येतो. हातात काय? आधार कार्ड. नाहीतर कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो, त्यात म्हातारी मागच्या रांगेत, अर्धं तोंड, तेही जिलबी चावताना. आमच्या भागात मोठ्या माणसांचा, त्यातून बायांचा, एकटीचा फोटो नसतोच. आणि तेरवीला तर फ्रेम पाहिजे. मग मी डोकं तेवढं कापून घेतो आणि संगणकात तयार ठेवलेल्या धडावर बसवतो. मानेचा जोड असा मिळवतो की सख्ख्या लेकालाही कळत नाही.

पुरुषांचं धड किसनराव टेलरचं आहे. निळा कोट त्यांचा, आतली छातीही त्यांचीच. माझी छाती वापरली असती तर गावातले सगळे पुरुष स्वर्गात जाऊनही आजारीच दिसले असते.

बायांचं धड जयाचं आहे. जया म्हणजे माझी बायको. वीस वर्षांपूर्वी मी तिला हिरवी साडी नेसायला लावली, स्टुलावर बसवली, दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि गळ्यापर्यंतचा फोटो काढला. फाइलला नाव दिलं 'बाई हिरवी'. तेव्हापासून सेलू ते केळझर ज्या ज्या घरची आजी, मावशी, काकू भिंतीवर गेली, ती जयाच्या अंगानं गेली. केळझरच्या गणपतीला जाताना कोणाकडे चहाला थांबलो की समोरच्या भिंतीवर माझी बायको, वर दुसरीचं डोकं, गळ्यात चंदनाचा हार. मी जयाला कोपरानं ढोसायचो, "पाह्य, तू!" ती हसायची. मला वाटायचं तिला गंमत वाटते.

घरीही तेच. माझी आई शालूबाई आठ वर्षांपूर्वी गेली. जिच्या नावाचा स्टुडिओ, तिचा नीट एक फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. डोकं रेशन कार्डावरून घेतलं. आई विधवा होती, म्हणून साडीचा हिरवा रंग काढून राखाडी केला आणि हातातल्या बांगड्या पुसल्या. जयाच्या उजव्या मनगटावर एक चटक्याचा डाग आहे, आमच्या मुलीच्या, पिंकीच्या, बारशाचे वडे तळताना तेल उडालं होतं. तो तर मी मूळ फाइलमधूनच काढून टाकला होता. मयताच्या अंगावर डाग कशाला? तर अशी माझी आई समोरच्या खोलीत बसलेली आहे, जयाचे हात मांडीवर ठेवून.

गेल्या फेब्रुवारीत एक बाई दुकानात आली. हर्षा नाव, हिंगणघाटला कॉलेजात गणित शिकवते, वय छत्तीस. पाणी प्यायली, मागचं काश्मीरचं पडदाचित्र पाहिलं, आणि सरळ म्हणाली, "मले बुदुआर शूट करायचं हाय."

मी मान हलवली. तीस वर्षांचा अनुभवी फोटोग्राफर, मला माहीत नाही असं कसं म्हणणार? "होऊन जाईन, मॅडम. एक मिनिट हं," म्हणून मी मागच्या बाजूला गेलो आणि मोबाइलमध्ये शोधलं. जे दिसलं ते पाहून मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. बाईच्या निजायच्या खोलीतले, तिच्या मोकळ्या कपड्यांतले, मोकळ्या केसांतले फोटो. आणि ते कोणाला पाठवायला नाही, तिच्या स्वतःसाठी. भाजीबाजारात दुकान आहे माझं. उद्या गावाला कळलं तर लोक वांगी मला मारायलाच विकत घेतील.

बाहेर येऊन मी ततपप सुरू केलं. लाइट बरोबर नाही, लेन्स दुरुस्तीला गेली आहे, हिंगणघाटात तर मोठमोठे स्टुडिओ आहेत.

"हिंगणघाटात मले सगळे ओळखतात, म्हनून तं इथं आली," हर्षा म्हणाली. "भाऊ, दहा वर्षं झाली, बायोडाट्याले फोटो काढून राह्यली. सगळे दुसऱ्याले पसंत पडावं म्हनून. दरवेळी स्टुडिओवाला मले गोरं करते. मी खरी कशी दिसते, मलेच माहीत नाई."

आमचं घर दुकानाच्या मागेच. दारात जया लसूण सोलत बसली होती, तिनं सगळं ऐकलं. ताट बाजूला ठेवून ती उठली आणि म्हणाली, "काढा की जी. आपल्या खोलीत काढा. मी हाय."

मग जयानं आमच्या निजायच्या खोलीतून गव्हाचं पोतं काढलं, सिलिंडर काढलं, पलंगावर हर्षानं आणलेली पांढरी चादर टाकली. मला म्हणाली, "तुमी फक्त बटन दाबा. बोलू नका." हर्षा खिडकीजवळ सैल गाऊन घालून बसली आणि लाकडासारखी ताठ झाली. मी ताठ माणसांचेच फोटो काढायला सरावलेलो, मला काही खटकलं नाही. जयाला खटकलं. ती हर्षाच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिच्या आईची, कॉलेजची, गणिताची चौकशी करत बसली. हळूहळू बाईचे खांदे खाली आले. एकदा ती कशावर तरी मोठ्यानं हसली, गाऊन खांद्यावरून सरकला, तो तिनं तसाच राहू दिला. मी बटन दाबलं. कॅमेऱ्यामागे मी डोळे अर्धे मिटून घेतले होते, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

संगणकावर फोटो पाहताना मी सवयीनं तिच्या डोळ्यांखालचं काळं पुसायला घेतलं.

"राहू द्या भाऊ," हर्षा म्हणाली. "ते माहं हाय." आणि आपल्याच फोटोकडे बघत तिनं रुमाल डोळ्यांना लावला. मी घाबरून पंख्याचा वेग वाढवला. रडणाऱ्या बाईसमोर काय करायचं हे मला तीस वर्षांत फक्त तेरवीच्या संदर्भात माहीत होतं. जया मात्र तिच्यामागे उभी राहून त्या फोटोकडे बघत होती, कितीतरी वेळ.

चार दिवसांनी रूपराव आले. सेलूच्याच मळ्यात भाजी पिकवणारा माणूस, त्यांची आई गेली होती. आधार कार्ड आणलं होतं. मी 'बाई हिरवी' उघडली, म्हातारीचं डोकं बसवलं. विधवा होत्या, म्हणून रंग बदलला आणि बांगड्या पुसायला घेतल्या. एक, दोन, तीन. जया चहा घेऊन मागे उभी होती. रूपराव चहा पिऊन गेल्यावर ती म्हणाली, "अजी, एक इचारू?"

"इचार ना."

"नवरा जिता हाय माहा, आन् माह्या हातच्या बांगड्या किती बायांपायी पुसल्या तुमी?"

मी हसलो. हसलोच, काय सांगू! म्हणालो, "अवं, ते फोटोत."

"मी फोटोतच तं हाय," जया म्हणाली. "साऱ्या गावात हाय. फक्त डोकं नाई." मग पदराला हात पुसत म्हणाली, "माहे काढा. त्या हर्षाबाईसारखे. माह्या धडावर माहं डोकं पायजे."

आता मी आढेवेढे घेऊ शकत होतो. पण तिचा चेहरा पाहिला... खरं तर पाहिलाच नाही, त्यावरच तर पुढे गाडी अडली. मी म्हणालो, "काढू की. घरचा फोटोग्राफर हाय तुहा."

दुकान बंद असतं त्या दिवशी दुपारी जया न्हाली, केस मोकळे सोडले. पिंकी आता नागपूरला नोकरी करते. तिनं आईसाठी एक बिनबाह्यांचा ब्लाउज शिवून आणला होता. चार वर्षं पेटीत पडून होता. जयानं तो घातला. पलंगावर बसली आणि लाजून म्हणाली, "पन्नाशीले आली, आन् पाहा काय थेरं."

मी कॅमेरा लावला. मग तोंडातून आपोआप निघालं, "मान सरळ. हात मांडीवर." आणि जयाचेही हात आपोआप मांडीवर गेले, जसे वीस वर्षांपूर्वी गेले होते. मी पटापट अकरा फोटो काढले आणि विजयी वीरासारखा कॅमेरा तिच्या हातात दिला.

तिनं पहिला पाहिला. दुसरा पाहिला. बटन दाबत दाबत अकराव्यापर्यंत गेली आणि परत पहिल्यावर आली.

"अजी, डोकं कुठाय?"

मी पाहिलं. अकराच्या अकरा फोटो गळ्यापर्यंत. साडीच्या निऱ्या सुरेख, हात सुरेख, पाठीमागची खिडकी सुरेख. डोकं एकातही नाही. कॅमेरा चांगला, लेन्स चांगली, मी उभा चार हातांवर, आणि माझ्या हातानं बायकोला गळ्यापाशी छाटलं होतं. अकरा वेळा! अशी चूक शिकाऊ पोरगाही करणार नाही. ती करायला तीस वर्षांचा अनुभव लागतो.

"निऱ्या चांगल्या आल्या," मी म्हणालो. देवा, त्या वेळी माझी जीभ का नाही झडली!

जयानं काही आदळआपट केली नाही. केस बांधले. घरातली साडी नेसली. बिनबाह्यांचा ब्लाउज घडी करून पेटीत ठेवला. मग स्वयंपाकघरात गेली आणि डाळ भिजत घातली. तिथूनच म्हणाली, "नागपूरले एक बाई काढते म्हने असे फोटो. हर्षाबाई नंबर देते. पिंकीकडं जाईन तवा काढून येईन. तुमच्याच्यानं होत नाई."

तोंडात मारल्यासारखा मी दुकानात येऊन बसलो. शटर अर्धं खाली. पहिला राग धंद्याचा आला: फोटोग्राफरची बायको दुसरीकडे जाऊन फोटो काढणार! गाव काय म्हणेल? मग म्हटलं, असं कसं होत नाही? माझ्याकडे जयाचे फोटो काय कमी असतील? हार्ड डिस्क जोडली आणि शोधायला बसलो.

लग्नाचे फोटो होते, त्यात ती मान खाली घालून. पिंकीचे वाढदिवस होते, त्यात केकवर सुरी धरलेला जयाचा हात. शेकडो नवरींचे फोटो होते, त्यांत कडेला उजेड पाडायचा चंदेरी पत्रा धरून उभी असलेली जया, कुठे खांदा, कुठे कोपर, कुठे नुसती सावली. अल्बम बनवताना तीही मीच कापलेली. सगळ्या गावाच्या सुना मी नखशिखांत टिपल्या, आणि घरातली बाई कापून टाकली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन तास बसलो. समोर बघणारी, एकटी, पूर्ण जया फक्त एका ठिकाणी सापडली. आधार कार्डावर.

मग धंद्याच्या सवयीनं डोक्यात हिशेब आलाच. उद्या जया गेली, तर तेरवीला फ्रेम लागेल. मी आधार कार्डावरून तिचं डोकं कापीन. 'बाई हिरवी' उघडीन. त्यावर बसवीन. निदान हिच्या बाबतीत धड तरी खरं असेल.

मला रडू आलं. गुपचूप एक थेंब वगैरे नाही, चांगलं भोकाड पसरून आलं, नाकातून पाणी, सगळं. अर्ध्या शटरखालून कोणीतरी वाकून विचारलं, "कैलासभाऊ, कोन गेलं?" मी म्हणालो, "कोनी नाई बे, चालू लाग."

आणि तिथेच मला कळलं, माझ्याच्यानं का होत नव्हतं. गेलेल्या माणसाचं तोंड तुमच्याकडे पाहत नाही. त्याला पुसा, गोरं करा, हवं तसं फिरवा. जयाचं तोंड माझ्याकडे पाहत होतं. पंचवीस वर्षं मी तिच्या हातचा चहा पाहिला, हातातला पत्रा पाहिला, आणि नजर मनगटाच्या वर नेलीच नाही. वर नेली असती तर तिला काय पाहिजे ते दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर द्यावं लागलं असतं. मी एवढा कंजूष आहे हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "जया, अजून एक डाव दे."

ती भाकरी थापत होती. "काऊन?"

"मले भेव लागलं होतं तुह्याकडं पाहाले."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. मग म्हणाली, "उद्या दुपारी. माह्या मनानं बसीन. 'मान सरळ' म्हनायचं नाई. आन् पहिले कॅमेऱ्याबिगर पाहायचं, तोंडाकडं. मी हो म्हनीन तवा बटन."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवलं. इतक्या वर्षांत असं फक्त आईच्या वेळी ठेवलं होतं. जया पलंगावर बसली नाही. खिडकीखाली जमिनीवर बसली, गुडघे जवळ घेऊन, जशी ती रोज दुपारी एकटी असताना बसते म्हणे. मला हेही माहीत नव्हतं. केस एका खांद्यावर, दुसरा खांदा उघडा, बिनबाह्यांचा तोच ब्लाउज, पदर सैल. मी समोर मांडी घालून बसलो आणि पाहायला लागलो.

पाहणं किती अवघड असतं! अर्ध्या मिनिटात मला खोकला आला. मग पाठीला खाज आली. "पाहा, पाहा," जया म्हणाली. कानाखाली तीळ होता. भुवईत दोन पांढरे केस होते. वरचा ओठ जरा डावीकडे वर जातो, हसू येण्याआधी. उघड्या दंडावर देवीच्या लसीची खूण. गळ्याला दोन वळ्या, त्या माझ्या कुठल्याच फाइलमध्ये नव्हत्या, कारण तिथून खाली मी सुरू करायचो आणि तिथून वर दुसरीचं डोकं. सुंदर होती हो! हे मी आता लिहितो, तेव्हा नुसता बावळटासारखा बघत होतो. मला बघत बसलेलं पाहून तिला हसू आलं, आणि हसता हसता ती म्हणाली, "हो."

पंधरा-वीस फोटो काढले. चार हलले. बाकीच्यांत डोकं होतं.

संगणकावर उघडले तेव्हा जया खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. पहिल्यांदा हातानं तोंड झाकलं. मग हात काढला. मग मोठा कर, लहान कर, सुरू झालं. एका फोटोपाशी ती थांबली. "हे माह्या मायचे खांदे हायेत," ती म्हणाली. "अश्शीच बसे ती खिडकीत. मले वाटे मी कोनावरच नाई गेली." तिच्या आईचा खरा फोटो कुठेच नाही, आहे तो जयाच्याच धडाचा, मीच बनवलेला. जया स्क्रीनवर स्वतःच्या खांद्यावरून बोट फिरवत राहिली.

सवय जात नाही. माझा उजवा हात आपोआप तिच्या मनगटावरच्या डागाकडे गेला, पुसायचं बटन निवडून. जयानं माझा हात धरला. मी बटन सोडलं.

तोच फोटो मी बारा बाय अठरात छापला, फ्रेमही घरीच केली. कुठे लावायची विचारलं तर म्हणाली, "कपाटाच्या दाराले, आतून. मी उघडीन तवा मले दिसन. बाकी कोनाचं काय काम?" मी खिळा ठोकला. तिनं फ्रेम टांगली, दार बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं.

मला वाटलं आता आपण काहीतरी मोठं करावं. मी दुकानात जाऊन संगणक लावला, तिला बोलावलं, 'बाई हिरवी'वर बोट ठेवलं आणि ऐटीत म्हणालो, "हे घे. पुसून टाकतो कायमचं. आजपासून तुहं धड कोनाले नाई."

"येडे झाले का?" जया म्हणाली. "मंग गावच्या बाया काय कार्डावरच्या तोंडानं जातीन भिताडावर? राहू द्या ते. लागते बायांले." मग म्हणाली, "बांगड्या मातर पुसू नका आता. कोनाच्याच."

"विधवा असली तरी? लोक काय म्हनतीन?"

"म्हना, जयानं देल्या."

रूपरावांची फ्रेम अजून द्यायची होती. मी ती फाइल उघडली आणि पुसलेल्या बांगड्या एक एक करून परत भरल्या. जया मागे उभी राहून बघत होती. शेवटची बांगडी झाल्यावर तिनं घराच्या दाराकडे, आत कपाट आहे त्या बाजूला मान वळवली.

"आन् ते आतलं," ती म्हणाली, "ते कोनाले देऊ नका."